क्रिएटिनिनचा रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टचा कागद हातात पडला की बहुतेक लोक आधी एकच शोधतात: कुठल्या आकड्याशेजारी चांदणी आहे का, कुठला आकडा ठळक छापलाय का. नसेल तर घडी घालून कागद पिशवीत. असेल तर तिथल्या तिथे हातपाय गळतात. मी गेली बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आणि ही दोन्ही माणसं मला काउंटरवर रोज भेटतात. क्रिएटिनिनपुरतं बोलायचं तर मला पहिल्या माणसाची जास्त काळजी वाटते.

कारण घरातलंच आहे. आत्याच्या गुडघेदुखीच्या फायलीत मला तीन जुने रिपोर्ट सापडले. वयाच्या ६२व्या वर्षी क्रिएटिनिन ०.६. ६५व्या वर्षी ०.९. ६८व्या वर्षी १.२. तिन्ही कागदांवर नॉर्मल रेंज ०.६ ते १.२ अशी छापलेली, एकावरही चांदणी नाही. तिन्ही वेळा तिला "नॉर्मल आहे" असंच सांगितलं गेलं, आणि त्यातल्या एकदा ते सांगणारी मी होते. प्रत्यक्षात त्या सहा वर्षांत तिच्या किडनीचं काम निम्म्यावर आलं होतं. रेंजच्या आत राहूनही असं होऊ शकतं, आणि ते तुमच्या कागदावर ओळखता यावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी हे क्रिएटिनिन आहे काय

आपल्या स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. स्नायूंना झटपट ऊर्जा लागते तेव्हा तो कामी येतो. त्यातला साधारण एक-दोन टक्के भाग रोज आपोआप मोडतो आणि त्याचं क्रिएटिनिन बनतं. शरीराला त्याचा काही उपयोग नसतो, म्हणून ते रक्तात उतरतं आणि किडनी ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते.

मोरी डोळ्यांसमोर आणा. नळ एकाच धारेने चालू आहे आणि तरीही मोरीत पाणी साचायला लागलं, तर आपण नळाकडे बघत नाही, जाळीकडे बघतो. इथे नळ म्हणजे स्नायू आणि जाळी म्हणजे किडनी. नळाची धार मात्र प्रत्येक घरात वेगळी असते, आणि या तपासणीतला निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो.

जाळीही साधीसुधी नाही. एकेका किडनीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो, त्यातला बहुतेक परत शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. इतकी मोठी क्षमता हाताशी असल्यामुळे बराच भाग निकामी होईपर्यंत माणसाला काहीही जाणवत नाही. ना पाठ दुखते, ना लघवी कमी होते. पाठ दुखली की "किडनी तपासा" म्हणत लोक येतात, पण मुतखडा किंवा जंतुसंसर्ग सोडला तर किडनीचे बहुतेक आजार न दुखता वाढतात.

आणखी एक गैरसमज आत्ताच दूर करते. रक्तातलं क्रिएटिनिन हे काही मुख्य विष नव्हे. ते खुणेचं काम करतं. ते वाढलंय म्हणजे त्याच्यासोबत बाहेर जायला हवं ते बाकीचंही आत साचत असणार, एवढंच ते सांगतं. "क्रिएटिनिन उतरवणारी" पुडी विकणारा नेमकं हेच लपवतो.

रक्त द्यायच्या आदल्या दिवशी

फक्त क्रिएटिनिन करायचं असेल तर उपाशीपोटी यायची गरज नाही. बहुतेक वेळा सोबत शुगर आणि लिपिड असतं, म्हणून उपाशी बोलावतात. पाणी मात्र नेहमीसारखं प्या. उपाशी राहायचं म्हणून सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता लोक येतात. मग शीर सापडत नाही, आणि अंगात पाणी कमी असल्यामुळे युरिया-क्रिएटिनिनही थोडं चढलेलं येऊ शकतं.

आदल्या रात्री मटण-चिकनचा बेत असेल तर पुढे ढकला. शिजवलेल्या मांसात क्रिएटिनिन असतं, ते थेट रक्तात येतं आणि काही तास आकडा वर राहतो. आदल्या दिवशी जिममध्ये जोरदार व्यायामही नको. जिमची मुलं क्रिएटिन पावडर घेतात, त्यांनी ते लॅबमध्ये आणि डॉक्टरांना आवर्जून सांगावं. चोवीस-पंचवीस वर्षांचा दणकट मुलगा आणि क्रिएटिनिन १.४ असा रिपोर्ट मी पाहिलाय. घरच्यांचा धीर सुटला होता. पावडर बंद करून काही दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा आकडा खाली आला होता.

घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी खिशात ठेवा. बीपीच्या, शुगरच्या तर हव्यातच, पण मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या आणि काढे-भस्मं आधी लिहा. लोक नेमकं तेवढंच सांगायचं विसरतात.

लॅबमध्ये काय होतं

लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या बल्बमध्ये रक्त घेतलं जातं. अर्धा तास ते गोठू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वर फिकट पिवळं सिरम येतं, त्याचीच तपासणी होते.

बऱ्याच लॅबमध्ये अजूनही जाफे पद्धत वापरतात. माक्स जाफे या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली ही रासायनिक क्रिया मांडली. पिक्रिक ॲसिडचं पिवळंधमक रीएजंट असतं, त्यात सिरम पडलं की रंग हळूहळू केशरी होत जातो. किती वेगाने केशरी होतो ते मशीन मोजतं. गंमत वाटेल, पण रोज पाहूनही त्या रंगाकडे माझी नजर जातेच, कारण कुणाच्या तरी घरातली पुढची काही वर्षं त्या केशरी छटेवर ठरत असतात.

ही पद्धत स्वस्त आहे, पण क्रिएटिनिनखेरीज इतर काही पदार्थांनाही ती थोडी भुलते. रक्तातले कीटोन आणि काही अँटिबायोटिक्स आकडा वर दाखवू शकतात, तर कावीळ असेल तर आकडा खाली दिसू शकतो. एन्झायमॅटिक पद्धत जास्त अचूक आहे. रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते, ती बघा. एका लॅबचा १.१ आणि दुसरीचा १.२ यात खरं तर काहीच बदललेलं नसू शकतं. म्हणून शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा.

कागद हातात आला: आधी एकक बघा

भारतात क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये लिहितात. सर्वसाधारण रेंज पुरुषांसाठी ०.७ ते १.३ आणि बायकांसाठी ०.६ ते १.१ अशी असते, लॅबप्रमाणे थोडीफार बदलते. आखाती देशांत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात हेच मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये येतं. दुबईत असलेल्या मुलाचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, त्यावर क्रिएटिनिन ९७, आणि इकडे आईच्या पोटात गोळा. ९७ला ८८.४ने भागा, १.१ येतात. घाबरायचं कारण नाही.

तसाच गोंधळ युरियाचा, म्हणजे किडनीच बाहेर टाकते त्या दुसऱ्या टाकाऊ पदार्थाचा. काही लॅब युरिया छापतात, काही बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन छापतात. बीयूएनला २.१४ने गुणलं की युरिया मिळतो. मागच्या महिन्यात बीयूएन १६ होतं आणि या महिन्यात युरिया ३४ आलं, तर ते दुप्पट झालेलं नाही, तेवढंच आहे. युरियावर फार विसंबूही नका. पाणी कमी पडलं, प्रोटीन जास्त खाल्लं, पोटात रक्तस्राव झाला, तरी तो वाढतो. क्रिएटिनिन त्या मानाने स्थिर.

मग ईजीएफआर

आता खरी गोष्ट. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते, याचा अंदाज म्हणजे ईजीएफआर. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढं सूत्रात घातलं की हा आकडा मिळतो. सध्या २०२१चं सीकेडी-एपीआय सूत्र वापरलं जातं. पुष्कळ लॅब रिपोर्टवर ईजीएफआर छापतात. छापलं नसेल तर मागून घ्या, मोबाइलवर कॅल्क्युलेटरही मिळतात. सूत्राचं साल तेवढं बघा, जुन्या सूत्राने उत्तर थोडं वेगळं येतं.

याने काय फरक पडतो ते बघा. क्रिएटिनिन १.२. पुरुष, वय २८: ईजीएफआर ८४. बाई, वय ६८: ईजीएफआर ४९. कागदावर दोघांचा आकडा हुबेहूब सारखा, पण एकाची किडनी जवळपास ठणठणीत आणि दुसरीची निम्म्यावर. उतारवयात स्नायू कमी झालेले असतात, नळाची धारच बारीक झालेली असते. बारीक धारेवरही मोरी तुंबत असेल तर जाळी किती बुजली असेल याचा विचार करा.

आत्याचे आकडे मी याच सूत्रात घातले. ०.६ला १०१. ०.९ला ७१. १.२ला ४९. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पातळ्या अशा: ९० किंवा त्याहून जास्त पहिली, ६० ते ८९ दुसरी, ४५ ते ५९ तिसरीचा पहिला भाग, ३० ते ४४ तिसरीचा दुसरा भाग, १५ ते २९ चौथी, १५च्या खाली पाचवी. ईजीएफआर म्हणजे किडनीचं काम किती टक्के उरलंय असं ढोबळमानाने धरलं तरी चालतं. पण एका रिपोर्टवरून कुणावर शिक्का मारू नका. ६०च्या खाली आलेला आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ तसाच राहिला तरच त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. पहिल्या दोन पातळ्यांत लघवीतून प्रोटीन जात असेल किंवा सोनोग्राफीत काही बिघाड दिसत असेल, तरच तो आजार ठरतो. ७५ वर्षांच्या आजोबांचं ईजीएफआर ७० असेल, लघवी स्वच्छ असेल आणि आकडा जागचा हलत नसेल, तर त्यांना निवांत राहू द्या. चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक आकडा उतरतोच.

काही ठिकाणी हे सूत्र लागू पडत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी उंचीवर आधारलेलं वेगळं सूत्र आहे. गरोदरपणात किडनीचं काम जवळपास दीडपट होतं, त्यामुळे क्रिएटिनिन उतरून ०.४ ते ०.८मध्ये येतं. म्हणून गरोदर बाईचं १.० हे छापील रेंजमध्ये बसलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं. अंथरुणाला खिळलेले, पाय गमावलेले, फार हडकुळे झालेले रुग्ण यांचे स्नायूच इतके कमी असतात की क्रिएटिनिन फसवं चांगलं दिसतं. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची तपासणी सांगतात. ती महाग आहे, पण स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

जुने रिपोर्ट काढा

हे काम कंटाळवाणं आहे, पण या तपासणीतलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. एक वही घ्या, साधी शाळेची चालेल. तारीख, लॅब, क्रिएटिनिन, ईजीएफआर, बीपी, आणि त्या काळात चालू असलेल्या गोळ्या, एवढे रकाने आखा. पाच-सात वर्षांतले सापडतील ते सगळे आकडे उतरवा. ऑपरेशनच्या आधी केलेल्या तपासण्या, विम्याच्या मेडिकलचे कागद, सीटी स्कॅनच्या आधी मागितलेलं क्रिएटिनिन, कुठे ना कुठे आकडे पडलेले असतातच.

छापील रेंज ही अनोळखी माणसांची आहे. तुमची रेंज म्हणजे तुमचेच मागचे आकडे. ज्या बाईचं क्रिएटिनिन कायम ०.६ असतं, तिचं १.१ येणं हा धोक्याचा इशारा आहे, मग चांदणी असो वा नसो. उलट ज्या दणकट माणसाचं दहा वर्षं १.३ आहे आणि लघवी स्वच्छ आहे, त्याच्या चांदणीने घर डोक्यावर घ्यायला नको.

आकडा किती वेगाने चढला तेही बघा. वर्षांमध्ये हळूहळू चढला तर एक गोष्ट. दोन दिवसांत ०.३ने किंवा आठवड्याभरात दीडपट झाला तर तो किडनीला बसलेला तात्काळ दणका असतो. जुलाब-उलट्या, डेंग्यू, लेप्टो, उन्हातान्हात राबून अंगातलं पाणी संपणं, वरून दुखण्याची गोळी, अशी कारणं असतात. वेळेत उपचार झाले तर यातून किडनी पुष्कळदा सावरते. त्यात दिवस घालवू नका.

लघवीची तपासणी वगळू नका

रक्ताचा रिपोर्ट हे अर्धंच चित्र आहे. किडनीची गाळणी फाटायला लागली की रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत झिरपतं, आणि मधुमेहात हे क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी होतं. ही तपासणी म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, रिपोर्टवर एसीआर. चोवीस तासांची लघवी जमवायची नाही. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली, स्वच्छ डबीत. पाळी चालू असताना, ताप असताना किंवा लघवीला जळजळ असताना देऊ नका.

एसीआर मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये असेल तर ३०च्या खाली ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली. ३००च्या वर म्हणजे भरपूर. ३०च्या वर आलं तर तीन महिन्यांत पुन्हा करून खात्री करतात. आत्याचं आलं १८०. कुणी सुरुवातीलाच एकदा ही डबी भरून घेतली असती तर बऱ्याच आधी कळलं असतं, असं मला आजही वाटतं.

मधुमेह किंवा बीपी असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि एसीआर दोन्ही करावं. आपल्याकडे नेहमीचा मधुमेह बहुतेक वेळा उशिराच सापडतो, म्हणून निदान झालं त्याच दिवसापासून. घरात कुणाला डायलिसिस लागलं असेल, वारंवार मुतखडे होत असतील, दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर त्यांनीही. गोव्यात काणकोणला आणि आंध्रात उद्दानमला मधुमेह-बीपी नसलेल्या शेतकरी-कष्टकऱ्यांमध्येही किडनीचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले आहेत, तेव्हा उन्हात राबणाऱ्याने "मला शुगर नाही" म्हणून निश्चिंत राहू नये.

आकडा वाढलेला आला तर

पहिलं: दुखण्याच्या गोळ्या थांबवा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, ॲसेक्लोफेनॅक, ही सगळी एकाच घरची. किडनीत येणारा रक्तप्रवाह त्या कमी करतात. आत्या चार वर्षं रोज एक घेत होती, मेडिकलवाला न विचारता देत होता. दुखण्यावर काय घ्यायचं ते डॉक्टर सांगतील.

बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण पुढे याच गोळ्या किडनी वाचवतात. आकडा बघून घाबरून त्या सोडणारे रुग्ण मी पाहिलेत, आणि त्यातल्या काहींना नंतर डायलिसिसच्या खुर्चीवरही. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा डोस ईजीएफआरप्रमाणे बदलावा लागतो आणि ३०च्या खाली ती बंद करतात. हा निर्णयही डॉक्टरांचाच.

जुलाब-उलट्या होत असताना यातल्या कुठल्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद वहीत चिकटवा.

पाच-सहा लिटर पाणी पिऊन किडनी "धुऊन" निघत नाही. किडनीचं काम बरंच कमी झालेल्याला ते पाणी फुप्फुसात जाऊन दम लावू शकतं. डाळ-उसळ, अंडी सगळं एकदम तोडणंही धोक्याचं. माणूस वाळतो, स्नायू झिजतात, क्रिएटिनिन खाली येतं आणि घरचे पेढे वाटतात. जाळी तशीच बुजलेली असते, नळ बारीक झालेला असतो. प्रोटीन किती खायचं ते आहारतज्ज्ञाला वजनाप्रमाणे ठरवू द्या. आणि पारा, शिसं असू शकेल अशी भस्मं, कुणाच्या सांगण्यावरून आणलेले काढे, यांपासून लांब राहा.

लघवी एकदम कमी झाली, चेहरा-पाय सुजले, दम लागला, सारखी उलटी होतेय, किंवा रिपोर्टवर पोटॅशियम ६च्या वर आहे, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रुग्णालय गाठा. पोटॅशियमबद्दल एक सांगते. रक्त काढताना पेशी फुटल्या तर ते खोटं वाढलेलं येतं. रिपोर्टवर "हिमोलाइज्ड सॅम्पल" असा शेरा आहे का ते बघा. असला तरी पुन्हा रक्त द्यायला त्याच दिवशी जा.

बाकीच्यांनी फिजिशियनकडे वही, रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन जायचं आणि चार गोष्टी विचारायच्या. माझं ईजीएफआर किती आणि गेल्या वेळेपेक्षा किती उतरलं? लघवीतून प्रोटीन जातंय का? माझ्या गोळ्यांपैकी कुठली बदलायला हवी? पुढची तपासणी कधी? ईजीएफआर ३०च्या खाली, एसीआर ३००च्या वर किंवा आकडे झपाट्याने घसरत असतील, तर नेफ्रोलॉजिस्टसाठी, म्हणजे किडनीच्या तज्ज्ञ डॉक्टरांसाठी, चिठ्ठी मागून घ्या.

आत्याची पेनकिलर बंद होऊन आता तीन वर्षं झाली. बीपीची गोळी नियमित आहे, गुडघ्यांसाठी व्यायाम आणि शेक. दर चार महिन्यांनी ती येते, बाही वर करून खुर्चीत बसते आणि सुई टोचायच्या आधी वही माझ्यासमोर उघडून ठेवते. शेवटच्या चार ओळींत ईजीएफआर असं आहे: ४८, ४९, ४७, ४८.